युद्धाचा अधिकार कोणाचा?

‘राजा बोले, दळ हाले’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. राजाच्या मुखातून शब्द बाहेर पडावयाचा अवकाश, की सैन्य चालू लागे. ते कोणावर चालून जात आहे आणि कशासाठी, हे विचारण्याचा अधिकार शेतात नांगर धरणाऱ्यास नव्हता. ज्या मातेचा पुत्र त्या सैन्यात असे तिलाही नव्हता. पुढे राजे गेले आणि प्रजासत्ताके आली. परंतु सैन्य राहिले, व त्यास आज्ञा करणारा कोणी एक मनुष्यही राहिला. मग प्रजासत्ताकात अशा मनुष्याने युद्धाची आज्ञा केली आणि ती प्रजेच्या मनास पटली नाही, तर प्रजेने काय करावे? स्वस्थ बसावे की बोलावे? आणि युद्ध चालू असता तिने विरोधाचा शब्द काढला, तर तो देशद्रोह ठरतो काय?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर दोन-चार ओळींत सापडते. प्रत्यक्षात मात्र ते किती कठीण आहे, हे व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेस अनुभवावे लागले. ती हकीकत आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. तिच्यात सेनापती आहेत, मुत्सद्दी आहेत. पण एक तेरा वर्षांची शाळकरी मुलगीही आहे.

प्रथम अमेरिकेची राज्यघटना काय म्हणते ते पाहू. १७८७ साली ही घटना लिहिणारे लोक इंग्लंडच्या राजाशी लढून स्वतंत्र झाले होते. एका माणसाच्या लहरीने सारे राष्ट्र युद्धात ओढले जाते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी युद्धाचा अधिकार दोन ठिकाणी वाटून दिला. युद्ध पुकारण्याचा व त्यासाठी पैसा मंजूर करण्याचा अधिकार संसदेस दिला. तेथील संसदेस ‘काँग्रेस’ म्हणतात. आपल्याकडील त्याच नावाच्या पक्षाशी तिचा काही संबंध नाही. तिची दोन सभागृहे आहेत : सिनेट आणि प्रतिनिधिगृह. सैन्याचे सरसेनापतिपद मात्र राष्ट्राध्यक्षाकडे दिले. म्हणजे तलवार म्यानातून काढावी की नाही हे संसदेने ठरवावयाचे, व काढल्यावर ती कशी चालवावी हे राष्ट्राध्यक्षाने पाहावयाचे. योजना उत्तम होती. परंतु अमेरिकेच्या संसदेने रीतसर युद्ध पुकारले ते शेवटचे १९४२ साली. त्यानंतर कोरियात, व्हिएतनामात, इराकात अमेरिकेचे सैनिक लढले व मेले, पण रीतसर युद्धघोषणा अशी एकदाही झाली नाही. हे कसे घडले, हेच व्हिएतनामच्या उदाहरणावरून नीट ध्यानात येते.

व्हिएतनाम हा फ्रान्सच्या ताब्यातील देश. १९५४ साली दिएन बिएन फू येथे व्हिएतनामी सैन्याने फ्रेंचांचा पराभव केला आणि त्याच वर्षी जिनिव्हा येथे तह होऊन सतराव्या अक्षांशाच्या आसपास देशाचे तात्पुरते दोन भाग करण्यात आले. उत्तरेस हो चि मिन्ह यांचे साम्यवादी शासन व दक्षिणेस अमेरिकेचा पाठिंबा असलेले शासन. तहाच्या देखरेखीसाठी जे आंतरराष्ट्रीय मंडळ नेमले गेले, त्याचे अध्यक्षपद आपल्या भारताकडे होते. १९५६ साली निवडणुका घेऊन दोन्ही भाग एक करावयाचे, असे ठरले होते. परंतु त्या निवडणुका झाल्याच नाहीत. दक्षिणेत बंड सुरू झाले व त्यास उत्तरेकडून साहाय्य मिळू लागले. एक देश साम्यवादी झाला की शेजारचे देशही एकामागून एक त्याच वाटेने जातील, अशी भीती त्या काळी अमेरिकेच्या राज्यकर्त्यांना वाटत असे. म्हणून प्रथम पैसा, मग शस्त्रे, मग लष्करी सल्लागार, अशी त्यांची मदत पायरीपायरीने वाढत गेली.

नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला व उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन हे त्यांच्या जागी आले. जॉन्सन हे काही दुष्ट राज्यकर्ते नव्हते, हे येथेच सांगितले पाहिजे. कृष्णवर्णीयांना समान हक्क देणारा १९६४ चा कायदा, त्यांचा मताधिकार सुरक्षित करणारा १९६५ चा कायदा, वृद्धांच्या औषधोपचाराची सरकारी योजना, ही सारी त्यांच्या कारकीर्दीतील कामे होत. गरिबीशी लढण्याची त्यांची इच्छा खरी होती. परंतु दुसरे एक युद्ध त्यांच्या गळ्यात पडले होते, आणि आपल्या हातून ते हरले जाऊ नये या धास्तीने ते त्यात खोल खोल उतरत गेले.

ऑगस्ट १९६४ च्या प्रारंभी व्हिएतनामजवळच्या टाँकिनच्या आखातात अमेरिकेच्या एका विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी हल्ला केला. दोन दिवसांनी पुन्हा हल्ला झाल्याचे वृत्त आले. हा दुसरा हल्ला प्रत्यक्षात झालाच नव्हता, असे पुढे सिद्ध झाले. पण त्या वेळी तो खरा मानला गेला. जॉन्सन यांनी संसदेकडे अधिकार मागितला, आणि ७ ऑगस्ट रोजी संसदेने त्यांना आवश्यक वाटतील ते सर्व उपाय योजण्याची मुभा देणारा ठराव संमत केला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ती दोन विरोधी मते वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग यांची. संसदेने आपला अधिकार असा एका कागदावर दुसऱ्याच्या हवाली करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी ऐकले नाही. १९६८ सालच्या निवडणुकीत ते दोघेही आपल्या जागा गमावून बसले. बरोबर असणे आणि निवडून येणे या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही!

नोव्हेंबर १९६४ मध्ये जॉन्सन शेकडा ६१ मते मिळवून प्रचंड बहुमताने निवडून आले. प्रचारात त्यांनी अमेरिकन मुलांना दूरच्या आशियाई युद्धात धाडणार नाही, अशा अर्थाची आश्वासने दिली होती. मार्च १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर अखंड बॉम्बवर्षाव सुरू झाला, आणि त्याच महिन्याच्या ८ तारखेस दा नांग येथे ३५०० सैनिक उतरले. वर्षअखेर ही संख्या सुमारे १,८४,००० झाली व १९६८ मध्ये ती पाच लक्षांच्या वर गेली. हे सैनिक बहुतांशी तरुण होते. सक्तीची लष्करभरती चालू होती. तीत महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सवलत मिळे. साहजिकच गरिबांच्या व कामकऱ्यांच्या मुलांवर तिचा भार अधिक पडे. अठराव्या वर्षी मुलास रणांगणावर धाडता येत असे, पण बहुतेक राज्यांत एकविसाव्या वर्षापर्यंत त्यास मत देता येत नसे.

आता विरोध कसा उभा राहिला ते पाहू. त्याचा प्रारंभ मोठ्या पुढाऱ्यांपासून झाला नाही. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी एक रात्र नेमली. त्या रात्री व्हिएतनामचा इतिहास, तेथील लोक, तेथील युद्ध यांवर व्याख्याने व चर्चा व्हावयाची होती. सुमारे ३००० विद्यार्थी आले व पहाटेपर्यंत बसले. ही रीत मग इतर अनेक विद्यापीठांत पसरली. विरोधाची पहिली पायरी घोषणा नसून अभ्यास ही होती, हे आमच्या विद्यार्थिमित्रांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नकाशावर जो देश दाखविता येत नाही, त्या देशावर बॉम्ब टाकावेत की नाही याविषयी मत तरी कसे द्यावयाचे?

आता त्या तेरा वर्षांच्या मुलीची गोष्ट. आयोवा राज्यातील डे मॉइन या शहरात मेरी बेथ टिंकर नावाची मुलगी शाळेत शिकत होती. डिसेंबर १९६५ मध्ये तिने, तिच्या भावाने व आणखी काही विद्यार्थ्यांनी दंडावर काळी फीत बांधून शाळेत जावयाचे ठरविले. युद्धात दोन्ही बाजूंनी मेलेल्यांविषयी दुःख व्यक्त करावे, व नाताळात तरी लढाई थांबावी अशी इच्छा दर्शवावी, एवढाच त्यांचा हेतू. शाळांच्या मुख्याध्यापकांस याचा सुगावा लागताच त्यांनी अशा फितींवर आधीच बंदी घातली. मुले तरीही फीत बांधून गेली. त्यांना शाळेतून घरी पाठविण्यात आले. टिंकर कुटुंबास धमक्या आल्या. कोणी त्यांच्या घरावर तांबडा रंग फेकला. मुलांच्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयांत ते हरले. अखेर २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकताना विद्यार्थी आपले भाषणस्वातंत्र्य बाहेर ठेवून येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याचबरोबर, शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येत असेल तर शाळेस ते रोखता येईल, हेही सांगितले. या मुलांनी आरडाओरड केली नव्हती, वर्ग बंद पाडला नव्हता. हातभर कापड तेवढे दंडावर बांधले होते, आणि तेवढ्यावरून सुमारे तीन वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयास विचार करावा लागला.

विरोधाचे वर्तुळ असे हळूहळू मोठे होत गेले. फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीने युद्धाविषयी उघड चौकशी केली व ती दूरचित्रवाणीवरून घरोघरी दिसली. समितीचे अध्यक्ष सिनेटर फुलब्राइट. ज्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर आपले अनेक विद्यार्थी अमेरिकेस गेले आहेत, तेच हे फुलब्राइट. १९६४ चा तो ठराव सिनेटमध्ये त्यांनीच पुढे रेटला होता. आपली चूक झाली हे उमगल्यावर स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षास त्यांनी भर सभेत प्रश्न विचारले. चूक कबूल करणारा राज्यकर्ता दुर्मीळ असतो. म्हणून त्यांचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे.

४ एप्रिल १९६७ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कमधील रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध भाषण केले. १९५९ साली भारतात येऊन गांधीजींच्या कार्याचे दर्शन घेऊन गेलेले हे गृहस्थ. गरिबांसाठी असलेला पैसा युद्ध गिळत आहे, आणि स्वदेशी ज्यांना समान वागणूक नाही त्या कृष्णवर्णीय तरुणांस परदेशी मरावयास धाडले जात आहे, असे त्यांनी बजावले. जॉन्सन यांनी कृष्णवर्णीयांसाठी इतके केले असता किंग यांनी त्यांच्याविरुद्ध बोलावे, हे त्यांच्या कित्येक मित्रांनाही आवडले नाही. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीका केली. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेस, त्यांचा खून झाला. त्याच एप्रिल १९६७ मध्ये विश्वविजेता मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याचे विजेतेपद हिरावून घेण्यात आले, शिक्षाही झाली. ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, पण तोवर १९७१ साल उजाडले होते. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे त्याने अशी दिली.

जानेवारी १९६८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुमारे पाच हजार स्त्रियांचा मोर्चा निघाला. त्याच्या अग्रभागी ८७ वर्षांच्या जीनेट रँकिन होत्या. अमेरिकेच्या संसदेवर निवडून आलेली ही पहिली स्त्री. १९१७ साली त्यांनी पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत दिले होते, आणि १९४१ साली जपानविरुद्ध युद्ध पुकारताना साऱ्या संसदेत विरोधाचे मत त्यांचे एकटीचे होते. गांधीजींच्या विचारांच्या ओढीने त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या होत्या.

या साऱ्याची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली होती. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्याकडे पावसाने दगा दिला, तेव्हा अमेरिकेहून गव्हाची जहाजे येत होती. रेशनच्या दुकानातील तो तांबडा गहू आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेल. उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबवावा, असे भारत सरकार म्हणत असे. ते जॉन्सन यांना रुचत नसे. गहू हात राखून, थोडा थोडा सोडण्याचे धोरण त्यांनी ठेवले. शेतीधोरण सुधारावे ही अट त्यामागे होती, तशी ही नाराजीही होती. दूरच्या युद्धाचा आणि आपल्या ताटातील पोळीचा संबंध असा असतो.

आता या कथेतील निर्णायक क्षण. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उमेदवारीसाठी उभे राहण्याचे जाहीर केले. सत्तारूढ राष्ट्राध्यक्षास त्याच्याच पक्षात आव्हान देणे म्हणजे वेडेपणा, असे बहुतेकांस वाटले. परंतु न्यू हँपशर या लहानशा राज्यातील प्राथमिक निवडणुकीसाठी विद्यार्थ्यांच्या झुंडी तेथे लोटल्या. बर्फात घरोघर जाऊन मतदारांशी बोलावयाचे होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपला अवतार पाहून धास्ती वाटू नये, म्हणून अनेक तरुणांनी वाढविलेले केस कापले, दाढ्या उतरविल्या, मुलींनी साधे पोशाख केले. त्याच सुमारास, जानेवारीच्या अखेरीस, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात उत्तरेच्या व बंडखोरांच्या सैन्याने दक्षिणेतील शहराशहरांवर एकाच वेळी हल्ले केले. ते लष्करीदृष्ट्या परतविले गेले. परंतु विजय जवळ आला आहे असे जे सांगितले जात होते, त्यावरचा लोकांचा विश्वास उडाला.

१२ मार्च १९६८ रोजी मतमोजणी झाली. जॉन्सन यांना शेकडा सुमारे ४९ व मॅकार्थी यांना ४२ मते मिळाली. आकड्यांत जॉन्सन जिंकले होते. पण सत्तारूढ राष्ट्राध्यक्षाचा तो विजय पराभवासारखाच होता. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी हेही रिंगणात उतरले. जॉन्सन यांच्या अनुभवी सल्लागारांनीही युद्ध आणखी वाढवू नये असा सल्ला दिला. त्यांची प्रकृतीही साथ देत नव्हती. ३१ मार्चच्या रात्री त्यांनी राष्ट्रापुढे भाषण केले. उत्तरेवरील बॉम्बवर्षाव बराचसा थांबवीत आहोत, असे सांगितले. आणि अखेरीस, आपण पुन्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार नाही, असे घोषित केले. साडेतीन वर्षांपूर्वी प्रचंड बहुमताने निवडून आलेला, जगातील सर्वांत बलाढ्य सैन्याचा सरसेनापती घरोघर फिरणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे आणि मतपेटीपुढे नमला होता.

गोष्ट येथे संपली असती तर फार गोड झाली असती. परंतु इतिहास इतका सरळ नसतो. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा खून झाला. कोलंबिया विद्यापीठात, जेथे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर शिकावयास गेले होते, विद्यार्थ्यांनी इमारती अडविल्या व पोलिसांनी बळाने त्या मोकळ्या केल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस व निदर्शक यांची चकमक उडाली. काही निदर्शकांनी ध्वज जाळले, दगड मारले. त्यामुळे युद्धास कंटाळलेले सामान्य लोकही त्यांच्यापासून दुरावले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन विजयी झाले, आणि युद्ध आणखी चार वर्षे चालले. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. पॅरिसचा तह झाला तो २७ जानेवारी १९७३ रोजी, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. तोवर ५८,००० हून अधिक अमेरिकन मरण पावले होते. व्हिएतनामी मृतांची संख्या तर लक्षावधींच्या घरात जाते.

मग त्या विरोधाने साधले काय? आमच्या मते बरेच साधले, पण पुरे नाही. १९७१ साली घटनादुरुस्ती होऊन अठरा वर्षांच्या तरुणांस मताधिकार मिळाला. १९७३ साली सक्तीची भरती बंद झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात संसदेने, निक्सन यांचा नकाराधिकार डावलून, युद्धाधिकारांविषयी ठराव केला. राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत घातल्यास ४८ तासांत संसदेस कळविले पाहिजे, आणि संसदेची संमती न मिळाल्यास साधारणतः ६० दिवसांत ते माघारी घेतले पाहिजे, असे त्यात ठरले. त्यानंतरच्या दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यातून वाटा काढल्या आहेत, व हा वाद मिटलेला नाही. कायद्याचे कुंपण घातले म्हणून राखण सोडता येत नाही, हेच खरे.

प्रारंभीच्या प्रश्नाकडे आता वळू. युद्धकाळी विरोध करणे हा देशद्रोह काय? व्हिएतनामच्या रानात जीव देणारा सैनिक देशावर प्रेम करीत होता, यात शंका नाही. त्या सैनिकाचा जीव वाया जाऊ नये म्हणून दंडावर काळी फीत बांधणारी मुलगीही देशावरच प्रेम करीत होती. वॉशिंग्टनमध्ये १९८२ साली उभारलेल्या काळ्या दगडाच्या भिंतीवर त्या युद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांची नावे कोरलेली आहेत. दगड इतका घोटीव आहे, की नावे वाचणाऱ्यास त्यांत आपलाच चेहरा दिसतो. युद्धाचे समर्थक तेथे येतात, विरोधक येतात, आणि दोघेही तेथे मान खाली घालून उभे राहतात.

विद्यार्थिमित्रहो, विरोध करणे सोपे आहे. अभ्यास करून, संयम राखून, किंमत मोजण्यास सिद्ध होऊन विरोध करणे अवघड आहे. पण प्रजासत्ताकात ‘राजा बोले, दळ हाले’ एवढ्यावर भागत नाही. दळ हालण्यापूर्वी प्रजेने ‘का?’ म्हणून विचारले पाहिजे, आणि राज्यकर्त्याने त्याचे उत्तर दिले पाहिजे. हा प्रश्न विचारावयास लागणारे ज्ञान आणि धैर्य आपण शाळेतच मिळवावयाचे असते.